बिनदाराच्या गाडीची कड

माझ्या भावाकडे गोल्फची गाडी आहे असं सांगितलं की जठारपेठेतल्या माझ्या मैत्रिणी आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकींकडे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही थापा मारायला लागली, असं त्यांना वाटतं. मोर्शीत गोल्फ कोण खेळतं, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी चिडतसुद्धा नाही. कोणी खेळत नाही. मोर्शीत संत्री होतात, आणि ती गाडी माझ्या दादाला संत्र्यांपर्यंत नेते. एवढंच तिचं काम.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तालुक्याच्या कोर्टात त्याने जन्मभर वकिली केली आणि सकाळ-संध्याकाळ बाग सांभाळली. त्याला विचाराल तर तो उलटं सांगेल, की बाग केली आणि मधल्या वेळात कोर्टात जाऊन आलो. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा पाय रुसला तो रुसलाच. काठी टेकत तो अंगणाच्या फाटकापर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. बाग घरापासून दीड किलोमीटर, तीही पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या, रस्त्याने. मोटरसायकलवर पाय टाकता येईना, ट्रॅक्टरवर चढता येईना, आणि पांदणीत कार एकदा नेली तर ती काढायला बैल आणावे लागले.

मग माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, ही गाडी शोधली. तो अमरावतीला कॉलेजात शिकवतो आणि रोज मोर्शीहून जाऊन-येऊन करतो. नागपूरकडचं कुठलं तरी बंद पडलेलं रिसॉर्ट सामान विकत होतं, त्यात ही बॅटरीवरची गाडी होती. टेंपोत घालून त्याने ती आणली. सीट फाटलेली, रंग उडालेला, टपावर कुण्या पक्ष्याने घरटं केलेलं. पण बॅटरी बदलल्यावर ती निमूटपणे चालू लागली. तिला दारं नाहीत, म्हणून बागेतल्या बायांनी तिचं नाव ‘बिनदाराची गाडी’ ठेवलं. पायरी इतकी ठेंगणी की दादा आधी सीटवर आडवा बसायचा, मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा, आणि उजव्या पायाने गाडी चालवायचा. जानेवारी-फेब्रुवारी तो रोज बागेत गेला. फोनवर त्याचा आवाजच बदलला होता.

आता कडेचं सांगते. या गाडीचं अंग फायबरचं असतं. त्याची कापलेली कड उघडी राहू नये म्हणून पायरीपासून मागपर्यंत, गाडीभोवती सगळीकडे, रबराची एक दुमडलेली पट्टी बसवलेली असते. गाड्यांची कामं करणारे तिला बीडिंग म्हणतात. आमच्या गाडीची पट्टी जुनी. वाळली, तडकली, आणि तुकड्या-तुकड्याने कुठे कुठे पडून गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मार्चात उतरताना दादाची डावी नडगी त्या उघड्या कडेवर घासली. त्या पायाला धड कळतच नाही, त्यामुळे त्यालाही समजलं नाही. घरी आला तेव्हा चप्पल रक्ताने भरली होती. त्यात साखरेचा आजार. जखम भरायला दोन महिने गेले.

वहिनींनी गाडीवर स्टे दिला. वहिनी कोर्टाची पायरी कधी चढल्या नाहीत, पण त्या घरात चालतं ते त्यांचंच कोर्ट, आणि तिथे दादा एकही केस जिंकलेला नाही. गाडी पडवीत ताडपत्रीखाली गेली.

मे महिन्यात एका बुधवारी दादाचा फोन आला.

“बाई, तू शिवणकामाची मास्तरीण. गाडीले फॉल लावता येते का तुले?”

मला वाटलं थट्टा करतोय. पण थट्टा नव्हती. अमरावती रोडच्या एका मंगल कार्यालयाचा माणूस गाडी पाहून गेला होता. नवरी मांडवात गाडीतून येते म्हणे आता, फुलं लावून. वहिनींनी त्याला हो म्हटलं होतं. रविवारी दहा वाजता तो गाडी न्यायला येणार होता.

“कड नीट झाली तं हे मानन,” दादा म्हणाला. ‘हे’ म्हणजे वहिनी. आणि पुढे म्हणाला, “गाडी गेली तं मी आता त्या बागेत जात नाई, बाई. इतकं समज.”

माझा दादा असं बोलणारा माणूस नाही. मी घाबरले. गाडीसाठी नाही. त्याने ते शांतपणे म्हटलं म्हणून. मी त्याच रात्री पिशवी भरली आणि भाच्याला फोन करून सांगितलं, फायबरची जाडी मोजून पाठव. त्याने लिहून पाठवलं, ‘बोटापेक्षा कमी.’ प्राध्यापक आहे हो तो! मी झाडलं तेव्हा मोजपट्टी घेऊन बसला आणि पाच मिलिमीटर असं लिहून पाठवलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने अमरावतीला उतरले. सीट कव्हरं शिवणाऱ्यांच्या दुकानात ऑटोने गेले. दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून स्टूल पुढे केलं.

“कोणत्या गाडीले पायजे, काकू?”

“गोल्फच्या.”

“गोल्फ? इथं कोन खेयते?”

“कोणी नाई खेयत. माह्या भावाले वावरात जा लागते. पाच मिलिमीटरच्या कडेवर बसन अशी दे.”

त्याने दोन-तीन गुंडाळ्या काढल्या. मी पाच-सहा ठिकाणी चिमटीत धरून पाहिल्या, जसं मी कापड पाहते. त्या मापाची एकच गुंडाळी उरली होती. दुसरी आठ दिवसांनी येईल म्हणाला. मी म्हटलं, एक बस झाली. पुरून उरेल अशी माझी खात्री होती, आणि माझी खात्री ही किती त्रासाची वस्तू आहे ते माझ्या घरच्यांना विचारा.

गुंडाळी घेऊन मी त्याच दिवशी मोर्शीला पोचले, आणि शुक्रवारी भाच्याने कॉलेजला दांडी मारली. आम्ही दोघांनी गाडी पडवीतून काढून कडुलिंबाखाली आणली. जुन्या पट्टीचे उरलेले तुकडे काढले आणि त्यांचा चिकट थर पेट्रोलच्या फडक्याने पुसला. फायबरची कड पॉलिश पेपरने घासून घासून गोल केली. दादा खुर्ची टाकून बाजूला बसला होता आणि दर पाच मिनिटांनी हरकत घेत होता. इथं राहिलं, तिथं राहिलं, त्या कोपऱ्यात पुन्हा पाहा. मी म्हटलं, “दादा, तू साक्षीदार आहेस की वकील, ते एकदा ठरव.” तो हसला. बरं वाटलं.

नवी पट्टी मात्र हट्टी निघाली. गुंडाळीतून सोडली की पुन्हा गोल व्हायची. आता मे महिन्यात आमच्या वऱ्हाडात कोणत्याही वस्तूचं काहीही बिघडलं तरी उपाय एकच असतो. उन्हात टाका. गाद्या, धान्य, मिरच्या, पुस्तकं, सगळं उन्हात. वहिनींनी गच्चीवर गव्हाच्या कुरड्या घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी चादरीवर मी ती काळी पट्टी लांब करून ठेवली. तासाभरात ती अशी मऊ पडली की बोटावर घडी होईल. मी खूश.

चारच्या सुमारास बसवायला घेतली. भाचा कपडे धुवायची मोगरी घेऊन, तिला फडकं गुंडाळून, हळूहळू ठोकत येत होता आणि मी पुढून पट्टी ओढत होते. चांगली ताणून. एक सुरकुती दिसू देणार नव्हते मी. फिरत फिरत सगळी कड झाली, डाव्या पायरीशी टोक टोकाला भिडलं, आणि वर वीतभर उरलीसुद्धा. ती मी कात्रीने कापून टाकली. भाचा म्हणाला, “आत्या, सोल्युशन लावू का आतून?” पंक्चरवाल्याकडून त्याने रबराचं सोल्युशन आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, थकलो आता, उद्या लावू. त्या दिवशी माझ्याकडून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच, आणि तीही आळसाने झाली.

गाडी काय दिसत होती! जणू शिवून काढली. दादाने बसल्या बसल्या काठीने टाळी वाजवल्यासारखी जमीन ठोकली. मी जेवताना दोनदा त्या गोष्टीचा विषय काढला. वहिनी “सकाळी पाहू,” म्हणाल्या.

सकाळी त्या देवघरातला वातींचा डबा घेऊन आल्या. वहिनी दर्यापूरकडच्या, कापसाच्या घरातल्या. त्यांनी डब्यातून कापसाचा एक पेळू काढला आणि गाडीच्या कडेवरून हलकेच फिरवत निघाल्या. कापसाइतकी खोट काढणारी वस्तू नाही. जिथे बारीकसं टोक असेल, जे बोटाला लागत नाही, तिथे त्याचा तंतू अडकतो. मागची बाजू झाली, उजवी झाली. डाव्या पायरीशी आल्या आणि थांबल्या. तिथे चार बोटं कड उघडी होती. पट्टी रात्रीतून आखडली होती. बरोबर तिथेच, जिथे दादा पाय खाली ठेवतो. फायबरच्या एका न घासलेल्या कंगोऱ्यावर पांढरा पुंजका अडकून बसला होता.

वहिनींनी तो पुंजका काढला आणि माझ्यासमोर धरला.

मला भयंकर राग आला. दहा मिनिटं मी सगळ्यांना धारेवर धरलं. दुकानदाराने भिकार माल दिला. भाच्याने मोगरी धड मारली नाही. आजकालच्या रबरात दम नाही. भाचा बिचारा मान हलवत होता. माझं संपल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या,

“बाई, माह्या लेकीच्या लग्नातल्या साडीचा फॉल तुमी आधी भिजवून ठेवला होता. मी घाई केली तं मलेच रागावल्या होत्या. मंग याले काहून नाई ठेवलं?”

मी खुर्चीत बसले.

साडीच्या खालच्या काठाला आतून जी सुती पट्टी लावतात ती फॉल. नवा फॉल तसाच शिवला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि अख्खी साडी गोळा होते. म्हणून आधी पाण्यात टाकायचा, त्याला जेवढं आटायचं तेवढं आटू द्यायचं, वाळवायचा, मगच लावायचा. आणि लावताना ओढायचा नाही, सैल हाताने सोडत जायचा. तीस वर्षं मी मुलींना हे सांगितलं. ज्या मुलीने फॉल ओढून लावला तिला सगळा उसवायला लावला. आणि मी स्वतः उन्हाने ताणलेली पट्टी आणखी ताणून बसवली, का, तर ते कापड नव्हतं, रबर होतं. लाज वाटली. खरंच वाटली. वहिनींनी टोमणा मारला असता तर मी भांडले असते. पण त्यांनी खरंच प्रश्न विचारला होता.

“काढा सगळी,” मी म्हटलं.

शनिवारी आम्ही ती पट्टी पूर्ण उसवली आणि मधल्या खोलीतल्या गार फरशीवर सैल टाकून ठेवली. कोणी हात लावायचा नाही, कोणी ओलांडायचं नाही. दिवसभर तिला आटू दिलं. भाचा मधूनमधून येऊन पाहायचा. “आत्या, कमी पडली तं?” पडणारच होती. वीतभर तुकडा मीच कापला होता, आणि तो कोणीतरी झाडून फेकून दिला होता. बहुतेक मीच. दादा संध्याकाळी फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला पाहत होते आणि मला वाटत होतं, उद्या त्या फुलांच्या गाडीत कुणी नवरी बसेल आणि हा इथून तिथे एवढाच फिरत राहील.

रविवारी पहाटे पाचला, हवा गार असताना, सुरू केलं. या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून. आधी तो कंगोरा घासला. मग सुरुवात मागून केली, म्हणजे जोड डाव्या पायरीशी येणारच नाही. जोड कुठे आणायचा ते आधी ठरवायचं असतं. साडीतला जोड निऱ्यांच्या आत जातो, गाडीतला मागे बंपरच्या खाली, जिथे कोणाचा पाय जात नाही. आणि ओढायचं नाही, ढकलायचं. ब्लाउजची बाही मुंढ्यात बसवताना जसा जास्तीचा घेर बोटांनी आत आत सारत न्यायचा असतो, तसं मी दर टप्प्याला पट्टी मागे सारत होते आणि भाचा तेवढंच ठोकत होता. आतून सोल्युशनचं बोट फिरवत होता. लोंबकळली की पट्टी स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून बाकीची गुंडाळी दादाच्या मांडीवर दिली. तो एक-एक हात सोडत होता. एकही हरकत घेतली नाही. 

फिरून मागे पोचलो तेव्हा पट्टी संपली. तळहाताएवढी कड उघडी राहिली. भाच्याने जुन्या पट्टीचा त्यातल्या त्यात बरा तुकडा शोधून ठेवला होता, तो तिथे बसवला. जुना रंग विटका, नवा काळा कुळकुळीत. ठिगळ ते ठिगळच. पण पक्कं.

आठ वाजता वहिनी डबा घेऊन आल्या. नवा पेळू. डाव्या पायरीवर त्यांनी तो तीन वेळा फिरवला, वरून, खालून, आतून. कापूस तसाच्या तसा. पुढे गेल्या, उजवीकडे गेल्या. आम्ही तिघं मागे मागे, निकाल ऐकायला उभे असल्यासारखे. ठिगळाशी एक तंतू अडकला. एकच. वाऱ्यावर हलत होता.

“इथं कोनाचा पाय येत नाई,” दादा घाईने म्हणाला. “मुद्दाच गैरलागू आहे.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग ठिगळाकडे पाहिलं. मग माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला, पदर खोचला, जमिनीवर बसल्या आणि ते टोक स्वतः घासू लागल्या. दहा मिनिटं घासत होत्या. मी दादाकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मी रडले असते.

दहाला मंगल कार्यालयाचा माणूस टेंपो घेऊन हजर. वहिनींनी त्याला बसवलं, पन्हं दिलं, दुसरा ग्लास दिला आणि मग म्हणाल्या, “गाडी द्याची नाई आमाले.”

“काकू, तुमीच तं हाव म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं. आता नाई म्हनते. तुमची नवरी तरणीताठी असते, येईन चालत.”

तो माणूस चांगला होता. हसला, पन्हं संपवलं आणि जाताना गाडीची कड हाताने चाचपून कोणी केली विचारू लागला. भाच्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी वहिनींकडे दाखवलं.

दादाला लगेच निघायचं होतं. पण सोल्युशन एक दिवस वाळू द्यायला हवं होतं, आणि आता मी आटणं-वाळणं या बाबतीत कोणाचं ऐकणार नव्हते. “उद्या,” मी म्हटलं. “उद्या तुले सगळे मिळून नेऊ.” भाचा म्हणाला, मी अर्धी सुटी काढतो. वहिनी म्हणाल्या, डबा घेऊन जाऊ.

सोमवारी साडेपाचला मला जाग आली. पाणी प्यायला उठले तर पडवी रिकामी. गाडी नाही, दादाची काठी नाही, चप्पल नाही. बॅटरीची गाडी, आवाज होतच नाही.  भाच्याला, आमच्या बाबूला, उठवायला धावले तर फाटकाशी वहिनी उभ्या. पांदणीकडे तोंड करून.

“वहिनी, दादा...”

“माईत आहे.”

“एकटा गेला? अहो, बाबूले पाठवते मी मोटरसायकलवर...”

“नका उठवू त्याले.” त्या मागे वळल्या नाहीत. “मी पायत होती खिडकीतून. पाय उचलून ठेवला त्यायनं, दोन्ही हातानं. कडेवरून बोट फिरवलं. मंग इकडे-तिकडे पायलं, चोरावानी. मले वाटलं हाक मारावं. तोंडात आली होती. नाई मारली.”

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.  मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असलं की माणसाला काय करावं ते कळत नाही, म्हणून मी अंगण झाडायला घेतलं.

साडेआठला गाडी फाटकातून आत आली. दादाच्या सदऱ्याला काटे, हाताला माती, टोपी तिरपी. वहिनी आधी खाली बसल्या आणि त्याच्या नडगीवरून हात फिरवला. कोरडी होती. त्याने त्यांना तेवढं करू दिलं, मग खाली उतरला, काठी टेकली आणि म्हणाला,

“भूक लागली वं मले. काय केलं खायले?”

वहिनी एकदम उठल्या आणि आत गेल्या. दादा हातपाय धुवायला गेला. मी वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात गेले तर त्या परातीवर वाकून भाकरी थापत होत्या आणि पीठ ओलं होत होतं. मी खांद्यावर हात ठेवला.

“दोन वर्षं झाले, बाई,” त्या म्हणाल्या. “ताट पुढे ठेवलं तं जेवत होते, नाई ठेवलं तं नाई. आज मागतलं.”

बाहेरून दादाचा आवाज आला, “किती वेळ?” आणि वहिनी डोळे न पुसता ओरडल्या, “आली, आली!”